परासरण, प्रसरण आणि तहानेचा टोस्ट

एका ताईंनी विचारलंय, मुलीच्या आठवीच्या विज्ञानात 'परासरण' आणि 'विसरण' असे दोन शब्द आलेत, त्यातलं परासरण म्हणजे आपलं प्रसरणच का, छपाईची चूक आहे का, आणि दोघांत फरक काय.

छपाईची चूक नाही हो. चूक बाहेर चाललीय सगळी. परवा एका आरोग्यवाल्या व्हिडिओत एक बाई छातीठोकपणे सांगत होत्या की जास्त मीठ खाल्लं की आपल्या 'पेशीभित्तिकेचं प्रसरण' होतं. तीन शब्दांत दोन खून! भित्तिका म्हणजे भिंत, ती झाडांच्या पेशीला असते, बुरशीला असते, बॅक्टेरियाला असते, माणसाच्या पेशीला नसते. आपल्याला असतं ते पटल, जेमतेम ७-८ नॅनोमीटर जाडीचं, मेदाच्या रेणूंचे दोन थर आणि त्यात खोचलेली प्रथिनं. डोळ्यावर 'पडळ' येतं ना, तो पटलचाच घरगुती अवतार. आणि प्रसरण म्हणजे उन्हात रेल्वेचे रूळ वाढतात ते. विषय संपला.

विसरण सोपं आहे. देवघरात उदबत्ती लावली की वास हळूहळू घरभर होतो, दाटीकडनं विरळ जागेकडे, पडदा असो नसो. परासरणाला पडदा लागतोच, आणि तोही असा की पाण्याला जाऊ देतो पण मीठ-साखरेला सहसा नाही, मग जिकडे मीठ-साखर जास्त तिकडे पाणीच चालत जातं. मुलीला एवढं मात्र सांगा की या विसरणाचा विसरण्याशी काही संबंध नाही. विसरणे आलं विस्मरणातनं, वाटेत त्यातला म गळला. हे विसरण वि + सृ, सृ म्हणजे सरणं, जाणं. पसरणे, ओसरणे, सरिता, इतकंच काय संसारसुद्धा याच सृ-ची पिल्लं. परासरण त्यातलंच, परा + सरण, म्हणजे प्रसरणाशी नातं इतकंच की धातू एक आणि उपसर्ग वेगळा.

आता माझं दुखणं. परा म्हणजे दूर, मागे, उलट, जसं परावर्तन, पराङ्मुख. म्हणजे परासरण झालं दूर सरणं. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, तिथं एक वेळ चालवून घेऊ. पण मनुका भिजत घातल्या की पाणी आत शिरून त्या टम्म होतात, तिथं दूर कोण सरलं? शब्दात पडदाही नाही आणि दिशाही नाही. बरं, ज्या ऑस्मोसिसचं हे भाषांतर, त्या ग्रीक शब्दाचा अर्थ ढकलणं, रेटणं. तेही यात नाही.

आणि गंमत अशी की याहून झकास शब्द मराठीत आधीच पडून आहे. मराठी विश्वकोशात ऑस्मोसिसला शब्द आहे 'तर्षण'. तृष् धातू, तहान लागणे! जिकडे मीठ तिकडे तहान, म्हणून पाणी तिकडे. पडदा याही शब्दात नाही, मान्य, पण दिशा आहे आणि कारणही आहे. तृष्णाचं प्राकृतात झालं तण्हा, मग ण आणि ह-ची अदलाबदल होऊन आपली तहान. याच घराण्यात इंग्रजीचं थर्स्ट, जर्मनचं डुर्स्ट, कारण सगळ्यांच्या मुळाशी अर्थ आहे कोरडं पडणं. तिकडे लॅटिनमध्ये टोरेरे म्हणजे भाजून सुकवणं, त्यावरनं टोस्ट. म्हणजे तहान आणि टोस्ट चुलत भावंडं. हे मला कळलं त्या दिवशी मी चहात टोस्ट बुडवताना एकटाच हसलो, कारण सुकं पाव कसं चहा ओढतं बघा (ते परासरण नाही, केशाकर्षण आहे, म्हणजे बारीक छिद्रांनी द्रव ओढून घेणं, माहितेय मला, पत्रं पाठवू नका).

यावर एका परिभाषावाल्या गृहस्थांनी मला ऐकवलं होतं की निर्जीव द्रावणाला तहान लावणं अशास्त्रीय आहे. मग आकर्षण पण काढून टाका की, कृष् म्हणजे ओढणं, चुंबकाला हात कुठेत? दुसरे 'सोपं करा' वाले, ते म्हणतात 'झिरपण' म्हणा. अहो, माठ झिरपतो! माठात खारं पाणी भरा, झिरपेल तेही खारंच. झिरपण्यात निवड नाही, आणि पेशीपटलाची सगळी शान त्या निवडीत आहे. पाण्यासाठी तर त्यात प्रथिनांचे खास नळ असतात, अ‍ॅक्वापोरिन, ज्यातनं पाणी जातं पण मिठाचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, जात नाहीत. त्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्रेंना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ते काय झिरपणाऱ्या माठासाठी?

माझं तर म्हणणं आहे की स्वयंपाकघरात या गोष्टीला शब्द कधीपासून होते. विज्ञानात बघाल तर १७४८ मध्ये नोले नावाच्या फ्रेंच पाद्र्यानं मद्यार्क भरलेल्या भांड्याच्या तोंडाला डुकराचं मूत्राशय बांधून ते पाण्यात ठेवलं, आणि कातडं फुगून वर आलं. पुढे द्युत्रोशे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं आत जाणारं एन्डॉस्मोज आणि बाहेर पडणारं एक्झॉस्मोज असे दोन शब्द पाडले, पुस्तकातली अंतःपरासरण-बहिःपरासरण ही जोडी त्यांचीच लेक. माझ्या आजीकडे हे दोन्ही होते, फुगणं आणि पाणी सुटणं. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आयत्या वेळी घाल गं, नाहीतर पाणी सुटेल, यात अख्खं बहिःपरासरण आलं की नाही? आणि घरोघरी ज्या 'आरओ'चं पाणी पितात तो आर म्हणजे उलटं, ओ म्हणजे हेच आपलं तर्षण, पंपानं दाब देऊन पाण्याला तहानेच्या उलट दिशेनं हाकलायचं.

तर ताई, परीक्षेत मुलीला परासरणच लिहू द्या, प्रसरण नको. तर्षण तर अजिबात नको, मार्क जातील आणि भांडायला मी येणार नाही.