तक्त्यात नसलेला रकाना

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

दक्षिण अमेरिकेच्या सहलीचा तुझा तक्ता दोनदा वाचला. २१ दिवस, चार देश, सहा जणी. बस कुठली, हॉस्टेल कुठलं, कुणी किती पैसे भरायचे, सगळं रकान्यांत बसवलंयस. मेहनत दिसते. पण पहिल्याच ओळीला अडखळलो. मुंबईहून विमानं बदलत थेट बोलिव्हियातलं ला पाझ, आणि तिसऱ्या दिवशी मिठाच्या मैदानाचं उयुनी? ही ओळ आधी खोड.

ला पाझचा विमानतळ एल आल्तोला आहे, ४,०६१ मीटरवर. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर दुसरं कळसूबाई ठेवायचं आणि त्याच्याही वर साडेसातशे मीटर जायचं, तेसुद्धा खुर्चीत झोपून. ‘काका, आम्ही हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेनं केलाय’ असं म्हणशील. विरळ हवा तुमचे गड मोजत नाही. उलट दमाची पोरंच आधी आडवी होताना मी पाहिलीत, कारण पहिल्या दिवशी तीच जास्त हुंदडतात.

त्याऐवजी पेरूतल्या लिमाला उतरा. समुद्र तिथेच आहे. तिथून बसनं आरेकिपा, साधारण २,३०० मीटर. दोन-तीन रात्री काढा. मग कुस्को ३,४००, मग टिटिकाका सरोवराकाठचं पुनो ३,८००, आणि मगच बोलिव्हिया. एकदा ३,००० मीटरच्या वर गेलं की रोज झोपायची जागा फार तर ५०० मीटरनं वाढवावी, असा साधा नियम आहे. बसच्या वाटेवर तो तंतोतंत पाळता येत नाही, म्हणून प्रत्येक उडीनंतर जास्तीची रात्र ठेवायची. डायमॉक्सचं, म्हणजे उंचीच्या त्रासावरच्या गोळीचं, डॉक्टरांना विचारून घे, कुणाला सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांग. कोकाच्या पानांचा चहा तिथे सगळीकडे मिळतो, बरं वाटतं, पण त्याला औषध समजू नका.

दिवस कुठून आणायचे? अर्जेंटिना काढून टाक. सहलीच्या शेवटी ब्यूनस आयर्सचे दीड दिवस म्हणजे नुसतं हजेरीपुस्तक.

आता खरं सांगायचं ते. आम्ही पाच जण गेलो होतो तेव्हा माझ्याकडेही असाच तक्ता होता. उयुनीहून जीपनं तीन दिवसांत चिलीत उतरायचं होतं, पैसे भरून झाले होते. आमच्यातल्या एकाचं डोकं ला पाझपासून दुखत होतं. रोज सकाळी मी विचारायचो, ‘सगळे ठीक ना रे?’ आणि चौघेही ‘हो’ म्हणायचे. लागुना कोलोरादाजवळ, ४,२०० मीटरच्या वर मुक्काम होता, बाहेर पाणी गोठत होतं. रात्री तो उठला आणि सरळ रेषेत चालता येईना, दारूड्यासारखा भिंत धरायला लागला. हे लक्षण दिसलं की सकाळची वाट बघायची नसते, लगेच खाली उतरायचं असतं. मला ते ठाऊकच नव्हतं. चालकानं ओळखलं आणि अंधारातच जीप मागे वळवली. गडी वाचला. नंतर म्हणाला, ‘माझ्यामुळे सगळ्यांचे पैसे बुडाले असते.’

चूक त्याची नव्हती. सगळ्यांसमोर विचारलं की सगळे ‘हो’च म्हणतात. तू प्रत्येकीला बाजूला घेऊन विचार: झोप लागली का, जेवण गेलं का, डोकं दुखतंय का. आणि निघण्याआधी इथे पुण्यातच ठरवा, एखादी मागे राहिली तर तिच्यासोबत कोण थांबणार आणि बुडालेले पैसे सहा जणींत कसे वाटायचे. बाकी टीटीएमएम चालू दे, हा खर्च मात्र सामाईक. पैशाचं आधी ठरलेलं असलं की माणूस खरं बोलतं.

पासपोर्ट अंगावर ठेवा, मोठ्या सॅकमध्ये नाही. टिटिकाकाकाठच्या कोपाकाबानाहून ला पाझला जाताना तिकिनाची सामुद्रधुनी लागते. तिथे प्रवाशांना उतरवून छोट्या होडीनं पलीकडे नेतात आणि रिकामी बस लाकडी तराफ्यावरून हेलकावत येते. तुमच्या सॅका त्या तराफ्यावर असतात! बघायला मजा येते. समुद्र नसलेल्या या देशाचं नौदलही तिथेच दिसेल. १८७९ साली सुरू झालेल्या युद्धात चिलीनं किनारा घेतला, ते बोलिव्हियन माणूस अजून विसरलेला नाही. त्यावर थट्टा करू नका.

पेरूची हद्द ओलांडून बोलिव्हियात शिरलं की घड्याळ एक तास पुढे. बाहेर पडल्याचा शिक्का आणि आत शिरल्याचा शिक्का, दोन्ही डोळ्यांनी बघून घ्या. चिलीच्या सीमेवर खाण्याच्या वस्तूंचा अर्ज असतो, त्यात खरं लिहा. फळं, मध, बिया, कोकाची पानं आधीच संपवा किंवा टाका. डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या, जरा फाटलेली नोट कुणी घेत नाही. आणि बोलिव्हियात रस्ते अडवणं हा नेहमीचा प्रकार आहे, पेरूतही होतो. २०२३च्या जानेवारीत आंदोलनांमुळे माचू पिचूच बंद केलं होतं. म्हणून चिलीतल्या सांतियागोहून परतीच्या विमानाआधी तीन दिवस मोकळे ठेव.

तुमच्यातल्या दोघी शाकाहारी आहेत ना? ‘सिन कार्ने’ म्हटलं तर कोंबडी येईल, कारण तिथे कार्ने म्हणजे बहुधा लाल मांस. कोंबडी नको, मासा नको, हे वेगळं सांगावं लागतं, आणि सूप कशात उकळलंय तेही विचारावं लागतं. बटाट्यावर मात्र राज्य कराल. आपल्या उपवासाच्या खिचडीतला साबुदाण्याचा कंद, शेंगदाणा, बटाटा, सगळे मूळचे त्याच खंडातले. रात्रीच्या थंडीत गोठवून, तुडवून, उन्हात वाळवलेला काळपट चुन्यो चाखून बघ. मला नाही आवडला.

पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी हवी. कार्ड नसेल तर परत आल्यावर भारतात सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस ठरावीक केंद्रांवरच मिळते, तारीख आजच घे.

नवा तक्ता घेऊन रविवारी ये. सहाही जणी या, आणि कुणाला दमा किंवा रक्तदाब असेल तर तिनं मला आधी एकटीनं फोन करावा.

तुझा,
काका