नाटोत गेलेल्या देशात पोरगं न्यायचं का?

अमेय,

तुझा मेसेज परवा वाचला. फिनलंडमधल्या एस्पोची ऑफर कशी आहे, पगारातून कर किती कापतात, ईशानला शाळा कुठली, हे आपण फोनवर बोलू. अर्ध्या तासात उरकेल. मी लिहायला बसले ते तुझ्या बाबांच्या प्रश्नासाठी. "रशियाला खेटून असलेला देश, आता नाटोत शिरलाय, उद्या पेटलं तर नातवाचं काय? त्यापेक्षा दुबई काय वाईट?" असं ते म्हणाले आणि तू त्याखाली हसणारा चेहरा टाकलास. हसू नकोस. बारा वर्षं तिथे काढल्यावर मला त्यांचाच प्रश्न सगळ्यात नेमका वाटतो.

आईच्या मोतीबिंदूसाठी सध्या नौपाड्यात आलेय. ती झोपलीय, त्यामुळे सविस्तर लिहिते. बाबांनाही वाचून दाखव.

त्यांना इतिहासाचा नाद आहे, तर आपल्या सेंट्रल जेलपासूनच सुरुवात करू. ते जेल म्हणजे जुना ठाण्याचा किल्ला. 1737 मध्ये मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला, 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो मराठ्यांकडून घेतला. पुढच्याच वर्षी पेशवेपदासाठी आसुसलेल्या राघोबादादांनी सुरतेचा तह केला आणि फौजेच्या बदल्यात साष्टी (ठाणे ज्या बेटावर आहे ते) नि वसई इंग्रजांना कबूल केली. पेशवाई काही त्यांना मिळाली नाही. 1782 च्या सालबाईच्या तहानंतरही साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. मोठ्याला मदतीला बोलावलं की किंमत काय पडते, हे ठाणेकरांना वेगळं सांगायला नको.

फिनलंडने मोठ्यांशी पडलेल्या गाठीची किंमत एकदा नाही, तीनदा मोजली. 1939 च्या ऑगस्टमध्ये हिटलर आणि स्टालिनचा करार झाला, त्यातल्या गुप्त वाटणीत फिनलंड सोव्हिएतांच्या वाट्याला गेला. 30 नोव्हेंबरला सोव्हिएत फौजा घुसल्या. फिनलंड 105 दिवस एकटा लढला. राष्ट्रसंघाने सोव्हिएत संघाला हाकलून दिलं, ब्रिटन-फ्रान्सने फौज पाठवायच्या गोष्टी केल्या, स्वीडनमधून स्वयंसेवक आणि शस्त्रं आली. पण स्वीडन सरकार युद्धात उतरलं नाही आणि ब्रिटन-फ्रान्सची फौजही पोहोचली नाही. 1940 च्या मार्चमध्ये तह झाला आणि रशियाच्या सीमेलगतचा कारेलियाचा पट्टा गेला.

गेलेलं परत मिळवायचं म्हणून 1941 मध्ये हे लोक हिटलरच्या जर्मनीबरोबर लढाईत उतरले. लोकशाही देश, आणि दोस्त कोण तर नाझी. याबद्दल फिनिश माणूस अजूनही अवघडून बोलतो. स्टालिनच्या आग्रहाखातर ब्रिटनने फिनलंडविरुद्ध युद्ध पुकारलं ते नेमकं 6 डिसेंबर 1941 ला, फिनलंडच्या स्वातंत्र्यदिनी. दोन वर्षांपूर्वी कौतुक करणारे आता शत्रू. 1944 च्या उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्ष रिती यांनी जर्मनीला लिहून दिलं की मी वेगळा तह करणार नाही. बदल्यात शस्त्रं मिळाली. मग 1 ऑगस्टला रितींनी राजीनामा दिला, सेनापती मानरहाइम अध्यक्ष झाले आणि म्हणाले, तो शब्द त्या गृहस्थांचा होता, देशाचा नाही. सप्टेंबरमध्ये सोव्हिएतांशी शस्त्रसंधी झाली, आणि कालच्या जर्मन दोस्तांनाच उत्तरेच्या लॅपलंडमधून हुसकावून लावायची वेळ आली. जाता जाता जर्मनांनी रोव्हानिएमी जाळलं. आज आपली मंडळी सांताक्लॉजबरोबर फोटो काढायला जातात ते हेच गाव.

आमच्या इमारतीत एक आजी आहेत, जन्म 1936 चा, कारेलियातला. त्यांच्या घरच्यांनी पहिल्या युद्धात गाव सोडलं, 1942 मध्ये परत गेले, 1944 मध्ये पुन्हा सोडलं. चार लाखांहून जास्त माणसं अशी उठली आणि उरलेल्या देशाने ती सामावून घेतली. देश केवढा? आज 56 लाख. पालघर वेगळा व्हायच्या आधीचा आपला ठाणे जिल्हा 2011 च्या जनगणनेत एक कोटी दहा लाखांचा होता, म्हणजे त्याच्या निम्मा. मी आजींना एकदा विचारलं, रशियनांचा राग येतो का? त्या म्हणाल्या, दुसऱ्या वेळी बटाटे काढायचे राहिले होते, त्याचा येतो.

हरल्यावर 30 कोटी डॉलरची भरपाई ठरली, तीही जहाजं आणि यंत्रांच्या रूपात. शेवटचा हप्ता 1952 मध्ये फेडला. त्याच वर्षी हेलसिंकीला ऑलिम्पिक झालं आणि आपल्या खाशाबा जाधवांनी तिथे कांस्य जिंकलं. बाबांना हे माहीत असणार, पण त्या गावाची तेव्हाची परिस्थिती माहीत नसेल. एस्पोला लागून असलेल्या पोर्क्कालामध्ये तेव्हा सोव्हिएत तळ होता. हेलसिंकीहून तुर्कूला जाणारी गाडी त्या भागात शिरली की डब्याच्या खिडक्यांना झापडं लावत. 1956 मध्ये तो भाग परत मिळाला. आता आम्ही तिथे उन्हाळ्यात डबे घेऊन फिरायला जातो.

1948 मध्ये सोव्हिएत संघाशी मैत्री-करार झाला. युद्धानंतरच्या उभारणीसाठीची अमेरिकेची मार्शल मदत नको म्हणून सांगितलं गेलं. पुढची चाळीस वर्षं मॉस्कोला काय वाटेल हे बघून बोलायचं, पण निवडणुका, कोर्टं, बाजार सगळं आपलं ठेवायचं. बाहेरचे याला 'फिनलंडायझेशन' म्हणून हिणवत. मला हिणवण्यासारखं काही वाटत नाही. शेजारी बदलता येत नाही. सोव्हिएत संघ कोसळल्यावर हे लोक लगेच सरकले: 1992 मध्ये अमेरिकन हॉर्नेट लढाऊ विमानं मागवली, 1995 मध्ये युरोपीय संघात गेले. नाटोचं दार मात्र ढकललं नाही. मी 2014 मध्ये गेले तेव्हा ऑफिसात नाटोचं नाव काढलं की लोक हवापाण्याच्या गप्पांवर यायचे.

24 फेब्रुवारी 2022 ला रशिया युक्रेनमध्ये घुसला, त्यानंतर ते बदललं, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलं. नाटो हवं म्हणणारे वर्षानुवर्षं चौथ्या हिश्श्याच्या आसपास असायचे. त्या आठवड्यातच ते निम्म्याच्या वर गेले, मे महिन्यापर्यंत तीन चतुर्थांश. संसदेत मतदान झालं 188 विरुद्ध 8. 4 एप्रिल 2023 ला सदस्यत्व मिळालं. बाबांना वाटतंय की हे नाटोत गेले म्हणून धोका वाढला. तिथल्या लोकांचा हिशेब उलटा आहे: युक्रेन कोणाच्याच छत्रीखाली नव्हता म्हणून त्याच्यावर वेळ आली, आणि 1939 मध्ये आम्हीही नव्हतो. मला त्यांचा हिशेब पटतो. पण 1340 किलोमीटरची सीमा आहे, आणि युद्ध होणारच नाही असं मी कोणाला लिहून देणार नाही.

आता एक गोष्ट तुला कोणी सांगणार नाही. 2022 च्या मार्चमध्ये भारत संयुक्त राष्ट्रांत रशियाविरुद्धच्या ठरावावर तटस्थ राहिला. दुसऱ्या दिवशी कॉफीच्या खोलीत एका सहकाऱ्याने विचारलं, "तुम्ही लोक त्यांच्या बाजूने का?" नंतर रशियन तेलावरून पुन्हा तेच. आधी मी चिडले. मग त्याला 1971 सांगितलं: अमेरिका पाकिस्तानच्या मागे, चीनशी तिची नवी सलगी, ऑगस्टमध्ये आपण मॉस्कोशी करार केला आणि डिसेंबरात अमेरिकेचं एंटरप्राइज हे विमानवाहू जहाज बंगालच्या उपसागरात आलं. तो गप्प बसला, मग म्हणाला, "म्हणजे तुमचाही 1948 आहे." फरक आहेच, आपण हरून सही केली नव्हती. पण गरजेपोटी केलेली मैत्री त्याला समजावून सांगावी लागली नाही. तुलाही हा प्रश्न येईल. वाद घालू नकोस, भाषणही देऊ नकोस, एवढंच सांग.

या सगळ्याचा तुमच्या घराशी संबंध कुठे येतो, तर ईशानपाशी. फिनलंडमध्ये पुरुष नागरिकांना लष्करी सेवा सक्तीची आहे: 165, 255 किंवा 347 दिवस, आणि नंतर राखीव दलात नाव. बंदूक नको असेल तर नागरी सेवा, 347 दिवस. परदेशी नागरिकांना हे लागू नाही, कितीही वर्षं राहा. नागरिकत्वासाठी ऑक्टोबर 2024 पासून साधारण आठ वर्षांचं वास्तव्य लागतं. ईशान आज तेराचा, म्हणजे तो निर्णय येईल तेव्हा एकविसाचा, आणि त्या वयात नागरिकत्व घेतलं तर सेवाही मागोमाग येते. भारतीय पासपोर्ट ठेवून कायम निवासाच्या परवान्यावर राहिला तर नाही. दोन्ही पासपोर्ट आपला देश ठेवू देत नाही, हे तुला माहीत आहेच.

आमच्या घरी हे पुस्तकातलं नाही. मी आणि पोराने 2020 मध्ये नागरिकत्व घेतलं, यांनी घेतलं नाही. तेव्हा नाटो दूर होतं, आणि भरतीचं मी एनसीसीसारखं काहीतरी समजून सोडून दिलं होतं. आता तो सतरा पूर्ण आहे, पुढच्या वर्षी भरतीचं बोलावणं येईल. तो जायला तयार आहे, वर्गातले सगळेच जातात. रात्री झोप लागत नाही ती मला. आईला मी अजून सांगितलेलं नाही.

बाकी फरक छोटे, पण खिशाला लागतात. रशियाचं आकाश फिनिश विमानांना बंद असल्याने आशियाची विमानं वळसा घालून जातात. 2022 मध्ये रशियाची वीज आणि गॅस दोन्ही बंद झाले, त्या हिवाळ्यात मी कपडे वीज स्वस्त असेल तेव्हा, रात्री दोनला मशीनला लावायचे. पुढे ओल्किलुओतोची नवी अणुभट्टी सुरू झाली तसा जीव भांड्यात पडला. पूर्व सीमेवरची प्रवाशांसाठीची सगळी नाकी डिसेंबर 2023 पासून बंद आहेत. सीमेजवळच्या लाप्पेएनरांतासारख्या गावांचा रशियन गिऱ्हाइकांवरचा धंदा बसला. एस्पोला याची झळ नाही, पण पुढे तिकडची नोकरी आली आणि घर स्वस्त दिसलं, तर ते का स्वस्त आहे ते लक्षात ठेव.

खरं सांगू, मला रणगाड्यांपेक्षा तुझ्या परवान्याची काळजी जास्त आहे. कायम परवाना मिळायला लागणारी वास्तव्याची मुदत जानेवारी 2026 पासून साधारण चारवरून सहा वर्षांवर गेलीय, भाषेची अटही आली. नोकरी गेली तर तीन महिन्यांत दुसरी शोधायची, तज्ज्ञ म्हणून गेलास तर सहा. सध्या तिथे बेकारी बरीच आहे. त्यामुळे तुमच्या परवान्यावर नेमका कुठला प्रकार लिहिलेला असेल, ते एचआरकडून लेखी घे. आणि प्राजक्ताला फिनिश शिकायला पहिल्या महिन्यापासून बसव, तुझ्याआधी तिला लागेल.

दुबईचं म्हणशील तर पगार चांगला, विमान तीन तासांचं, बाबा कधीही येऊन जातील. ते चूक नाहीत. पण तिथे ईशान कितीही राहिला तरी पाहुणाच, आणि फिनलंडमध्ये त्याला घरचा करून घेतात, घरच्या कामासकट. कुठलं हवं ते तुम्ही तिघांनी ठरवा. ईशानला विचारलंस का अजून? मेसेजमध्ये त्याचं मत कुठे दिसलं नाही.

शनिवारी संध्याकाळी बाबांना घेऊन ये. ऐरोलीहून ट्रान्स-हार्बर पकड, गाडी आणू नकोस, पार्किंग मिळत नाही. आणि त्यांना आधीच सांगून ठेव: आमच्या इमारतीच्या तळघरात पोलादी दाराचा निवारा आहे, एरवी तिथे सायकली नि माझे पापडाचे डबे असतात, वेळ आली तर 72 तासांत रिकामा करायचा. आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बाराला गावभर भोंगा वाजतो. ते आले असताना वाजला तर खिडकीत धावू नका, चाचणी असते.

तुझी,
नौपाड्याची ताई