सांगायला कुणी नसेल तेव्हा

प्रश्न : माझा मुलगा १७ वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे. एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून) दहावी झाला. आमच्या मसाल्याच्या दुकानात पुड्या छान भरतो, पण दर वेळी ‘आता हे घे, आता ते कर’ असं सांगावं लागतं. गप्प राहिलं की तोही थांबतो. त्याला कुठला कोर्स लावू? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, कोर्सकडे येतेच, पण आधी त्या ‘सांगावं लागतं’चं बघू. काम त्याला येतंय. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना ऐकलेलं धरून ठेवणं जड जातं, समोर दिसणारं सोपं जातं. त्यात रोज तुम्हीच सांगता, म्हणून तुमचा आवाज आला की काम सुरू, अशी त्याची सवय झाली आहे. नोकरीत तो आवाज कुठून आणणार?

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉपलर यांनी उभा केलेला ‘टीच’ हा कार्यक्रम १९७२ पासून राज्यभर चालतो. त्यात काम असं मांडतात की चार गोष्टी न विचारता कळाव्यात : काय करायचं, किती करायचं, संपलं हे कसं ओळखायचं आणि पुढे काय.

तुमच्या टेबलावर हे असं करा. डावीकडे टोपलीत मोजून २० रिकाम्या पिशव्या. मधे एक पुठ्ठा, त्यावर पिशवी, चमचा आणि वजनकाटा ठेवायच्या जागा मार्करने आखलेल्या. काट्याच्या आकड्याशेजारी ‘१००’ लिहिलेली चिठ्ठी चिकटवा. दोन्ही आकडे जुळले की पुडी बाजूला. उजवीकडे ‘झालं’ लिहिलेला डबा. टोपली रिकामी झाली की काम संपलं. भिंतीवर कामांची कार्डं क्रमाने लावा. यानंतरचं कार्ड : चहा. त्याला वाचता येतं, तेव्हा शब्दच लिहा. या वयाच्या मुलापुढे बालवाडीतली चित्रं नकोत.

सगळ्यात अवघड भाग तुमचा आहे. बोलायचं नाही. अडला तर मागे उभं राहून त्याचा हात कार्डाकडे न्या आणि हळूहळू तेही थांबवा. रुळला की कार्डांचा क्रम मुद्दाम बदला, म्हणजे पाठ केलेल्यावर न जाता तो बघून काम करेल. नातेवाईक म्हणतील, कार्डांची सवय लागेल. खुशाल लागू दे! कार्ड खिशात घालून कुठल्याही कामावर नेता येतं.

आता कोर्स. पॅकिंग, डेटा एंट्री, ग्रंथालयात पुस्तकं लावणं या दिशेने बघा. व्यवसाय प्रशिक्षणाची चौकशी ‘एनआयईपीआयडी’ या बौद्धिक अक्षमतेसाठीच्या राष्ट्रीय संस्थेच्या नवी मुंबईतल्या केंद्रात करा. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर आधी ते काढा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे. त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांना मिळून आहे. त्यासाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के असल्याचं प्रमाणपत्र लागतं. खासगी ठिकाणी विचारायला जाताना या टेबलाचा फोटो न्या आणि मालकाला तशीच मांडणी करू द्यायची विनंती करा.

महिनाभर हे करून बघा. नेमका कुठल्या पायरीला अडतो, तेवढं मला लिहून पाठवा. त्यावरून पॅकिंग आधी की डेटा एंट्री, ते ठरवू.