किरिबासचा प्रमुख: राष्ट्रपती, राष्ट्राध्यक्ष की पंतप्रधान?

प्रश्न असा आहे: पॅसिफिक महासागरातल्या किरिबाती या देशाच्या प्रमुखाला तिथे 'बेरेतितेंती' म्हणतात. मराठीत कोणी त्याला राष्ट्रपती लिहितो, कोणी राष्ट्राध्यक्ष. पण हा माणूस संसदेचा सदस्य असतो आणि अविश्वास ठराव मंजूर झाला की त्याचे पद जाते. मग त्याला पंतप्रधानच का म्हणू नये?

माझे मत राष्ट्राध्यक्ष या शब्दाला आहे. पण प्रश्नातली शंका अगदी रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी उच्चाराचे. तिथली भाषा लिहायला एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी रोमन लिपी बसवली, तेव्हा 'स' साठी वेगळे अक्षर घेतले नाही. 'ती' असे लिहायचे आणि 'स' म्हणायचे, अशी रीत पडली. त्यामुळे 'गिल्बर्ट्स' या इंग्रजी नावाचे स्थानिक रूप 'किरिबाती' असे लिहिले जाते, पण उच्चार किरिबास होतो. ख्रिसमस बेटाचे 'किरितिमाती' झाले, त्याचा उच्चार किरिस्मस. 'बेरेतितेंती' हाही 'प्रेसिडेंट'चाच अवतार, आणि त्याचा उच्चार बेरेसितेन्सच्या जवळ जातो. आपली नागरी लिपी बोललेले लिहिण्यासाठी इतकी सोयीची असताना रोमन स्पेलिंगची नक्कल कशाला करायची? मी किरिबास असेच लिहितो.

आता मूळ मुद्दा. १२ जुलै १९७९ ला हा देश ब्रिटिशांकडून स्वतंत्र झाला. ३३ बेटे, लोकवस्ती सुमारे सव्वा लाख, राजधानी दक्षिण तारावा. संसद एकाच सभागृहाची आहे, तिचे नाव 'मानेआबा नी माउंगाताबू'. सार्वत्रिक निवडणुकीनंतर ही संसद आपल्याच सदस्यांमधून प्रमुखपदासाठी उमेदवार ठरवते. राज्यघटनेप्रमाणे ही नावे किमान तीन आणि जास्तीत जास्त चार. मग त्या नावांवर देशभर मतदान होते. म्हणजे चाळणी खासदार लावतात आणि निवड जनता करते. ही रचना मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. वस्ती असलेली बेटे आपापली माणसे संसदेत पाठवतात. तारावापासून किरिस्मस तीन हजार किलोमीटरहून जास्त दूर. अशा विखुरलेल्या देशात सगळ्या बेटांनी मिळून एका व्यक्तीला मत देण्याची हीच एक वेळ असते.

निवडून आलेली व्यक्ती राष्ट्रप्रमुख असते आणि शासनप्रमुखही. मंत्री ती संसद सदस्यांमधूनच नेमते. एका व्यक्तीला हे पद जास्तीत जास्त तीनदा मिळू शकते. पहिले राष्ट्राध्यक्ष इएरेमिया ताबाई तिशीच्या आसपासचे होते, ते १९९१ पर्यंत पदावर राहिले.

इथवर सगळे राष्ट्राध्यक्षाला शोभेसे आहे. पुढचे मात्र पंतप्रधानाकडे झुकते. संसदेने अविश्वास ठराव मंजूर केला तर बेरेसितेन्सचे पद जाते, आणि त्याच्याबरोबर संसदही विसर्जित होते. खासदारांनी प्रमुखाला घरी पाठवायचे तर त्यांनाही मतदारांपुढे जावे लागते. मधल्या काळात लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष, सरन्यायाधीश आणि सभापती अशा तिघांची परिषद कारभार पाहते. हे कलम नुसते कागदावर राहिलेले नाही. तेबुरोरो तितो फेब्रुवारी २००३ मध्ये तिसऱ्यांदा निवडून आले आणि मार्चमध्ये अविश्वास ठरावाने गेले. नव्या संसदेसाठी निवडणूक झाली आणि जुलैमध्ये अनोते तोंग जिंकले. त्यांनी हरवलेल्या उमेदवारांत त्यांचे सख्खे भाऊ हॅरी तोंगही होते. हेच अनोते तोंग पुढे समुद्राच्या वाढत्या पातळीबद्दल जगभर बोलत राहिले.

मग पंतप्रधान का नाही? कारण 'प्रधान' हा शब्द एकटा उभा राहत नाही. त्याच्या वर कोणीतरी लागते. पेशव्यांना पंतप्रधान म्हणत, आणि त्यांच्या शिक्क्यात आधी शाहू महाराजांचे नाव येई, मग प्रधानाचे. आजच्या वापरातही तेच गृहीत आहे: पंतप्रधान म्हटले की वर राष्ट्रपती, राजा किंवा राजाचा प्रतिनिधी असणारच. शेजारच्या तुवालूला हा शब्द चपखल बसतो. तुवालू आणि किरिबास हे ब्रिटिश अमदानीत एकाच वसाहतीचे भाग होते, सत्तरच्या दशकात वेगळे झाले. तुवालूने ब्रिटनचा राजमुकुट ठेवला. तिथे राजाच्या वतीने गव्हर्नर जनरल असतो आणि कारभार पंतप्रधान पाहतो. किरिबास प्रजासत्ताक झाले. बेरेसितेन्सच्या वर कोणीच नाही.

'राष्ट्रपती' नको म्हणण्याचे कारण वेगळे आहे. शब्दार्थाने त्यात काही चूक नाही. स्वातंत्र्यापूर्वी तर काँग्रेसच्या अध्यक्षालाही राष्ट्रपती म्हणत. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनाच्या काळात सुभाषबाबूंचा उल्लेख तसा होत असे. पण १९५० नंतर मराठीत या शब्दाला एक पक्का अर्थ चिकटला: मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालणारे, रोजच्या राजकारणापासून दूर असलेले घटनात्मक प्रमुख. मराठी वृत्तपत्रांनी म्हणूनच फार चांगली वाटणी केली. भारताचे राष्ट्रपती, पण अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष. हिंदीत दोघांनाही राष्ट्रपतीच म्हणतात, आणि हिंदीवरून घाईघाईने केलेल्या बातम्यांमुळे आपल्याकडची ही वाटणी अलीकडे पुसट होऊ लागली आहे. मला याचे खरोखर वाईट वाटते. दोन वेगळी पदे दोन शब्दांनी दाखवण्याची सोय आपल्या भाषेने स्वतः करून घेतलेली आहे, ती आपण हातची घालवू नये.

थेट जनतेने निवडला म्हणून तो राष्ट्राध्यक्ष, असा एक खुलासा पुष्कळदा दिला जातो. आपल्याकडे 'थेट नगराध्यक्ष' हा प्रयोग रूढ असल्यामुळे तो पटकन पटतोही. पण त्या शब्दातले 'थेट'च सांगते की नुसता नगराध्यक्ष नगरसेवकांनी निवडलेलाही असू शकतो. नेल्सन मंडेलांना संसदेने निवडले होते, तरी मराठीत ते राष्ट्राध्यक्षच. नाउरूमध्ये १९ जणांची संसद आपला प्रमुख निवडते, मार्शल बेटांवर ३३ जणांची 'नितिजेला' निवडते. दोन्ही ठिकाणी राष्ट्राध्यक्ष हाच शब्द योग्य. मार्शल बेटांच्या हिल्डा हाइने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये या पदावर आल्या, त्यांनाही राष्ट्राध्यक्ष म्हणावे, 'राष्ट्राध्यक्षा' करण्याची गरज नाही. निवडीची पद्धत काहीही असो, राष्ट्रप्रमुखपद आणि प्रत्यक्ष कारभाराची सत्ता एकाच हाती आहे का, एवढे पाहिले की पुरे.

एकदा राष्ट्राध्यक्ष ठरले की बाकीचे शब्दही जुळवून घ्यावे लागतात. 'काउओमान नी बेरेतितेंती' म्हणजे उपराष्ट्राध्यक्ष. 'काउओमान' म्हणजे दुसरा. हे पद निवडणुकीने भरत नाहीत, राष्ट्राध्यक्ष एखाद्या मंत्र्यालाच ते देतात. संसदेच्या पीठासीन अधिकाऱ्याला आपण लोकसभेत अध्यक्ष म्हणतो, पण इथे एकाच बातमीत दोन अध्यक्ष नकोत, म्हणून सभापती लिहावे. हा सभापती सदस्यांपैकी नसतो, बाहेरून निवडतात.

'मानेआबा'ला बातमीत संसद म्हणायला हरकत नाही. पण मूळ मानेआबा म्हणजे गावाचे सभाघर: उंच छप्पर, बाजू मोकळ्या, प्रत्येक कुळाची बसायची जागा ठरलेली आणि बोलण्याचा मान वडीलधाऱ्यांचा. गावातल्या सभाघराबद्दल लिहिताना मात्र मूळ शब्दच ठेवावा.

या संसदेच्या ४५ सदस्यांपैकी ४४ निवडून येतात. उरलेला एक फिजीतल्या राबी बेटाची परिषद पाठवते. किरिबासमधल्या बनाबा बेटावर १९०० पासून फॉस्फेटचे उत्खनन झाले, आणि १९४५ मध्ये तिथल्या लोकांना राबीला नेऊन वसवले गेले. त्यांची बेटावरची नाळ तुटू नये म्हणून घटनेने ही जागा राखली आहे. बातमीत या सदस्याला 'राबीचा खासदार' म्हटले तर राबी हा किरिबासचाच मतदारसंघ आहे असे वाटेल. 'बनाबन समाजाचा नामनियुक्त सदस्य' असे लिहावे.