डायल्युशन वाढवलं की बीओडी वाढतो? मग सरासरी काढू नका

तुम्ही पोस्टमध्ये लिहिलंय की एकाच सांडपाण्याचा बीओडी (घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन खातात त्याचं माप, मिग्रॅ/लिटरमध्ये) डायल्युशन, म्हणजे नमुना पाण्याने पातळ करणं, बदललं की बदलतो: ३०० मिलीच्या बाटलीत ३० मिली नमुना घातला तर बीओडी ३०, १५ मिलीला ५६ आणि ६ मिलीला १२०. तुमचे हे आकडे वाचून लगेच लिहायला बसलो, कारण आमच्या सांडपाणी प्रकल्पावर नेमकं हेच होत होतं. तुम्ही सरासरी काढून ६९ लिहिणार आहात. कृपा करून लिहू नका. ६९ हा त्या पाण्याचा बीओडी नाहीच.

तिन्ही बाटल्यांत डीओची (पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनची) घट २ मिग्रॅ/लिटरच्या वर आहे, शिल्लक डीओही १ च्या वर. म्हणून कागदावर तिन्ही आकडे चालतात. पण नमुना कमी होईल तसा बीओडी चढत जातो, तेव्हा पहिला संशय विषारीपणाचा घ्यायचा. जंतूंना मारणारं किंवा दाबणारं काहीतरी त्यात आहे, आणि डायल्युशन वाढलं की त्याचा जोर ओसरतो. नमुना क्लोरिनेशननंतरचा आहे आणि सीड (बाहेरून घालायचे जिवंत जंतू) घातलेलं नाही, असं तुम्हीच लिहिलंय. माझ्या मते उत्तर तिथेच आहे. खरा बीओडी १२० किंवा त्याहूनही जास्त असेल.

आम्हाला सगळ्यात महाग पडली ती बाहेरची प्रयोगशाळा. रिपोर्टवर एकच आकडा यायचा, शेजारी ‘मर्यादेत’. क्लोरीनचा डोस वाढवला की पुढच्या रिपोर्टमध्ये बीओडी आणखी उतरलेला! त्या भरवशावर वरिष्ठांनी ब्लोअरचे (टाकीतल्या जंतूंना हवा पुरवणाऱ्या यंत्रांचे) तास कमी केले आणि प्रकल्पाची तब्येत बिघडत गेली. बाटलीनिहाय रीडिंग मागितली तर ‘आमच्या फॉरमॅटमध्ये ती देत नाही’ एवढंच उत्तर. सीड घातलं होतं का, क्लोरीन काढला होता का, कुणी सांगेना. शेवटी दुसरीकडे तपासलं तेव्हा कळलं की दोन्ही केलेलं नव्हतं. अजूनही संताप होतो. सुरुवातीचा डीओ, शेवटचा डीओ, नमुन्याचे मिली आणि ब्लँक (नमुना न घातलेली, नुसत्या डायल्युशनच्या पाण्याची बाटली) यांच्याशिवाय आलेला बीओडी मी मानत नाही. तुम्हीही मानू नका.

आता करायचं काय? नमुन्याच्या थोड्या भागात आम्ल आणि पोटॅशियम आयोडाइड घालून स्टार्च टाका. निळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. त्याच भागाचं सोडियम सल्फाइटने टायट्रेशन करा आणि त्या हिशेबाने उरलेल्या नमुन्यात सल्फाइट घाला. अंदाजाने चिमूटभर टाकू नका. जास्तीचं सल्फाइट स्वतःच ऑक्सिजन खातं आणि बीओडी खोटा फुगतो. एवढ्यावर थांबूनही चालत नाही. क्लोरीनने जंतू मेलेले असतात, म्हणून सीड घालायलाच हवं. सीडमुळे बाटलीत साधारण ०.६ ते १ मिग्रॅ/लिटर डीओ खर्च व्हावा, आणि तो हिशेबातून वजा करायचा. सोबत ग्लुकोज-ग्लुटामिक आम्लाची (बीओडी आधीच माहीत असलेल्या द्रावणाची) तपासणी लावा. २० अंशांवर ५ दिवसांनी १९८ च्या आसपास, ३०.५ इकडेतिकडे, आलं तर सीड आणि डायल्युशनचं पाणी दोन्ही ठीक. ब्लँकची घट ०.२ च्या वर गेली तर आधी बाटल्या आणि पाणी बघा. तुमच्याकडे २७ अंशांवर ३ दिवसांची पद्धत असेल तर १९८ ची तुलना सरळ लावू नका.

तुमचं पाणी मी पाहिलेलं नाही, हे लक्षात ठेवा. कारखान्याचं पाणी मिसळत असेल तर तांबं किंवा क्रोमियमही असू शकतं, आणि ते सल्फाइटने जाणार नाही. मग डायल्युशन आणखी वाढवून सलग दोन आकडे जुळतात का, ते बघावं लागेल.

जाता जाता, डीओ मीटरबद्दल विचारलंय म्हणून: पडद्याचा प्रोब असेल तर बाटलीत स्टरर चालू हवाच. तो प्रोब मोजताना ऑक्सिजन वापरतो, त्यामुळे स्थिर पाण्यात रीडिंग खाली घसरत जातं. विंकलर पद्धतीने (रसायनं घालून टायट्रेशनने डीओ मोजून) पडताळणी करणार असाल तर अझाइडवालं द्रावण जपून हाताळा, ते विषारी आहे.

नवीन बाटल्या लावल्या की सुरुवातीचे आणि शेवटचे डीओ इथे टाका, मी बघतो.