गाडीतल्या स्टिरिओसाठी सीडी करताना

प्रश्न : माझ्या जुन्या गाडीत सीडी वाजवणारा स्टिरिओ आहे. संगणकावरील अभंग व रागसंगीताच्या फ्लॅक, एमफोरए आणि एमपीथ्री फायली मी एकाच सीडीवर बर्न केल्या. परंतु त्यांपैकी एमपीथ्री तेवढ्या वाजतात. कोणता फॉरमॅट निवडावा?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या सीडीत दोष नाही. डेटा सीडीवरील (फायली जशाच्या तशा साठवलेल्या सीडीवरील) प्रत्येक फाईल स्टिरिओला स्वतः उलगडावी लागते आणि जो फॉरमॅट त्याला कळतो, तेवढाच तो वाजवतो. सीडीच्या फटीजवळ बारीक अक्षरांत काय छापले आहे ते आधी पाहावे. तेथे केवळ एमपीथ्री आणि डब्ल्यूएमए (मायक्रोसॉफ्टचा ध्वनी-फॉरमॅट) असेल, तर उरलेल्या फायली वाजणार नाहीत असेच धरून चालावे.

अभंगांसाठी एमपीथ्री पुरेसा आहे, मात्र बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या ध्वनीसाठी वापरला जाणारा डेटा, १९२ केबीपीएसच्या (किलोबिट प्रति सेकंद) खाली नेऊ नये. १२८ वर ७०० एमबीच्या सीडीत सुमारे बारा तासांचे संगीत मावते खरे. पण टाळांचा खणखणीत नाद विस्कटून फिसफिसल्यासारखा ऐकू येतो, आणि टाळ बिघडले की अभंगात राहिले काय? १९२ वर आठ तास मिळतात. पंढरपूरला जाऊन येण्यास ते पुरावेत. फ्लॅकमध्ये मूळ ध्वनी पूर्ण शाबूत असल्याने रूपांतर नेहमी त्यावरूनच करावे. १२८ ची एमपीथ्री ३२० वर नेल्यास फाईल फुगते, गेलेला नाद परत येत नाही.

रागसंगीतासाठी मात्र मी ऑडिओ सीडीचाच, म्हणजे दुकानात मिळणाऱ्या गाण्यांच्या सीडीसारख्या सीडीचाच, आग्रह धरीन. तिच्यावर ८० मिनिटेच मावतात, पण फ्लॅकमधील ध्वनीला कात्री लागत नाही आणि फॉरमॅटचा प्रश्नच उरत नाही, कारण बर्निंगचे सॉफ्टवेअर रूपांतर स्वतः करते. बर्न करताना ‘डिस्क-ॲट-वन्स’ (सगळी सीडी एका दमात लिहिण्याचा पर्याय) निवडून दोन ट्रॅकमधील अंतर शून्य ठेवावे. नाहीतर विलंबित संपून द्रुत सुरू होताना तानपुरा दोन सेकंद गप्प होतो, आणि जमलेला रंग तिथेच उतरतो.

फायलींची नावे रोमन अक्षरांत, आरंभी 01, 02 असे इंग्रजी आकडे घालून द्यावीत, कारण बहुतेक जुन्या स्टिरिओंना देवनागरी वाचता येत नाही. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडीपेक्षा साधी सीडी-आर घ्यावी व ती फायनलाइझ करावी, म्हणजे पुढे काही लिहिता येणार नाही अशी बंद करावी. तिच्यावर कागदी लेबल चिकटवू नये. उन्हात तापलेल्या गाडीत ते सुटते आणि सीडी आतच अडकते.