स्विचवरचा डीएचसीपी: आयपी संपतात, चुकीचे येतात, वीज गेली की बदलतात

यावेळच्या पत्रांत स्विचवरच डीएचसीपी (पीसी-फोनना आपोआप आयपी पत्ते वाटणारी यंत्रणा) चालवणाऱ्यांचे तीन प्रश्न आले, वेगळा सर्व्हर नसलेल्या खूप ठिकाणी हीच सोय असते म्हणून आज तेवढेच घेतेय.

प्रश्न: ताई नमस्कार, सांगली जिल्ह्यातल्या ज्युनिअर कॉलेजात लॅब बघतो. 60 पीसी आहेत, सिस्कोचा लेअर थ्री (राउटरचं कामही करणारा) स्विच आहे आणि तोच आयपी वाटतो, 192.168.10 ची एकच रेंज आहे, वायफायपण त्यावरच. सकाळी सगळं नीट चालतं पण 11 च्या बॅचला पीसी चालू केले की निम्म्यांना 169.254 ने सुरू होणारा आयपी येतो आणि नेट नाही. स्विच रीस्टार्ट केला की चालतं. स्विच खराब झालाय, नवा घ्या असं सांगताहेत. घ्यावा का?

उत्तर: अजिबात घेऊ नका, आधी हे वाचा. 169.254 चा आयपी म्हणजे पीसीने आयपी मागितला, कोणीच दिला नाही, म्हणून विंडोजने स्वतःच स्वतःला एक लावून घेतला. आणि रीस्टार्टने चालतं हीच खरी खूण आहे, कारण कोणाला कुठला आयपी दिला ती यादी स्विचच्या मेमरीत असते, स्विच बंद झाला की ती पुसली जाते आणि रेंज परत रिकामी दिसायला लागते. म्हणजे तुमचे आयपी संपताहेत. या रेंजमध्ये मिळून 254 पत्ते, त्यातले 20 राखून ठेवले असतील तर उरले 234, आणि सकाळी मुलं आत आली की त्यांचे फोन वायफायला लागतात आणि एकेक पत्ता घेऊन बसतात, लॅबचे पीसी 11 ला उठतात तोवर काही शिल्लकच नसतं. स्विचवर शो आयपी डीएचसीपी पूल ही कमांड टाकून बघा (पूल म्हणजे वाटायच्या पत्त्यांचा साठा), एकूण किती आणि दिलेले किती ते लगेच कळेल.

त्यात लीज, म्हणजे दिलेला पत्ता किती वेळ राखून ठेवायचा ती मुदत. तुम्ही काही लिहिलं नसेल तर सिस्कोवर ती 1 दिवसाची असते. काल दुपारी 3 ला येऊन 4 ला घरी गेलेल्या मुलाच्या फोनचा पत्ता आज दुपारपर्यंत अडकलेला! शिवाय अँड्रॉइड 10 आणि आयओएस 14 पासून फोन वायफायला खरा मॅक (उपकरणाचा ओळख क्रमांक) न देता बनवलेला मॅक देतात, आणि सेटिंगनुसार तो बदललाही जातो, मग स्विचसाठी तोच फोन म्हणजे नवीन गिऱ्हाईक आणि नवीन पत्ता.

उपाय असा की फोन आणि लॅब वेगळे करा. लॅब व्हीलॅन (त्याच स्विचमधलं वेगळं केलेलं नेटवर्क) 10 वर आहे तशी राहू द्या, वायफायला व्हीलॅन 20 करा आणि त्याला 10.20.0.0, मास्क 255.255.252.0 द्या, 1022 पत्ते मिळतात. व्हीलॅन 20 च्या इंटरफेसला 10.20.0.1 लावा, कारण मागणी कुठल्या इंटरफेसवर आली त्यावरून स्विच पूल निवडतो, तो आयपी नसेल तर पूल कितीही छान लिहा, उपयोग नाही. एक्सक्लुडेड-अॅड्रेस, म्हणजे वाटायचे नाहीत ते पत्ते, आधी लिहा आणि पूल नंतर, पूल तयार झाला की वाटप सुरू होऊ शकतं आणि तुमच्या अॅक्सेस पॉइंटचाच पत्ता एखाद्या फोनला जाऊ शकतो. वायफायची लीज 4 तास ठेवा, कमांडमध्ये लीज 0 4, पहिला आकडा दिवसांचा. कमी लीजने नेट तुटेल ही भीती नको, फोन अर्धी लीज झाली की म्हणजे 2 तासांनी आपणहून मुदत वाढवून घेतो, कोणाला कळतही नाही. लॅबच्या पीसींना 1 दिवस ठीक आहे.

आणि हे हमखास राहतं म्हणून सांगते, फायरवॉलवर 10.20.0.0 साठी स्विचकडे परतीचा रूट टाका आणि नॅटमध्येही (आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलणारी सेटिंग) ही रेंज घ्या, नाहीतर फोनला आयपी बरोबर मिळेल आणि नेट मात्र चालणार नाही, मग दोष परत डीएचसीपीला. शेवटी कॉन्फिग सेव्ह करा.

प्रश्न: नाशिकला आमचं छोटं ऑफिस आहे. स्विच 192.168.10 ची रेंज देतो तरी दोन-तीन पीसींना मधेच 192.168.0 चा आयपी येतो आणि प्रिंटर, टॅली काहीच दिसत नाही. स्विचमध्ये ही रेंज कुठेच लिहिलेली नाहीये.

उत्तर: मग ती स्विच देतच नाहीये, कोणीतरी घरचा वायफाय राउटर आणून त्याच्या लॅन पोर्टमध्ये ऑफिसची वायर लावलीये. पीसीची मागणी सगळ्यांना ऐकू जाते आणि बहुतेक पीसी जो आधी उत्तर देईल त्याचं घेतात. अडकलेल्या पीसीवर आयपीकॉन्फिग ऑल टाका, डीएचसीपी सर्व्हरसमोर जो पत्ता दिसेल त्याचा मॅक एआरपी मायनस ए ने काढा, आणि स्विचवर शो मॅक अॅड्रेस-टेबलमध्ये तो मॅक कुठल्या पोर्टवर आहे बघा, वायर धरून गेलात की राउटर सापडेल.

पण सापडला म्हणून थांबू नका, परत कोणीतरी लावणारच. डीएचसीपी स्नूपिंग (कोण आयपी वाटतंय यावर स्विचने ठेवलेली नजर) चालू करा, आधी ग्लोबल आणि मग त्या व्हीलॅनसाठी, दोन्ही लागतं. खालच्या, म्हणजे पीसी जोडलेल्या स्विचवर फक्त आयपी वाटणाऱ्या मेन स्विचकडे जाणारा पोर्ट ट्रस्ट करा, बाकी पोर्टवरून कोणी आयपी वाटायला लागला तर त्याची उत्तरं तिथेच टाकून दिली जातात. एक अडचण येते, स्नूपिंग लावल्यावर कोणालाच आयपी मिळेनासा होतो आणि लोक घाबरून सगळं बंद करतात. खालचा स्विच मागणीत ऑप्शन 82 ची माहिती (मागणी कुठल्या पोर्टवरून आली ती) घालतो आणि मेन सिस्को स्विच अशी मागणी नाकारतो. खालच्या स्विचवर नो आयपी डीएचसीपी स्नूपिंग इन्फर्मेशन ऑप्शन टाका, सुटतं. हे काम सुट्टीच्या दिवशी करा.

प्रश्न: म्हापशाला आमचं छोटं हॉटेल आहे. वीज गेली की प्रिंटरचा आयपी बदलतो, शिवाय कधी कधी दोन पीसींना एकच आयपी असल्याचा मेसेज येतो. काय करू?

उत्तर: आधी यूपीएस घ्या, स्विच आणि राउटर दोन्हीसाठी. स्विच बंद झाला की दिलेल्या पत्त्यांची यादी जाते हे वर लिहिलंच आहे. नवीन पत्ता देण्याआधी सिस्को स्विच दोनदा पिंग करून बघतो, पण फायरवॉलमुळे पिंगला उत्तर न देणारे पीसी खूप असतात, मग स्विचला तो पत्ता मोकळाच वाटतो. आयपी डीएचसीपी डेटाबेस ही कमांड देऊन यादी दुसऱ्या मशीनवरच्या एफटीपी किंवा टीएफटीपी सर्व्हरवर (फाइली ठेवायची जागा) ठेवा, स्विच परत उठला की तिथून वाचून घेतो.

प्रिंटरसाठी वेगळा पूल करून त्यात होस्ट म्हणून ठरवलेला आयपी आणि प्रिंटरची क्लायंट आयडी (स्विच प्रिंटरला जिच्यावरून ओळखतो ती) लिहा. मॅक तसाच टाइप करून लोक फसतात, बऱ्याचदा त्याच्यापुढे 01 लागतं. त्यापेक्षा शो आयपी डीएचसीपी बाइंडिंगमध्ये (कोणाला कुठला पत्ता दिला ती यादी) प्रिंटरच्या ओळीत जी आयडी दिसते तीच उचला, आणि जुनं बाइंडिंग क्लिअर करून मग नवीन लिहा. शो आयपी डीएचसीपी कॉन्फ्लिक्टपण (आधीच कोणीतरी वापरत असल्याचं आढळलेले पत्ते) बघा, तिथे गेलेले पत्ते तुम्ही क्लिअर करेपर्यंत कोणालाच मिळत नाहीत. पण क्लिअर करायच्या आधी तो पत्ता कोणी हाताने लावून ठेवलाय का शोधा, आणि असेल तर एक्सक्लुड करा, नाहीतर तोच मेसेज परत येईल.